सापकांद्याची वही: यंदा नर, पुढच्या वर्षी मादी, हे झाड न उपटता कसं बघायचं

पपईचं झाड हौसेने लावायचं, वर्षभर पाणी घालायचं आणि शेवटी लोंबते तुरे येऊन ते नर निघायचं, हा अनुभव बऱ्याच घरांत असतो, मग कोणीतरी गपचूप कोयता काढतं. दुधी-पडवळाचं वेगळं, एकाच वेलावर नर फुलंही आणि मादी फुलंही, त्यामुळे तिथे भांडण नाही. सापकांदा मात्र या दोन्हींत बसत नाही. तो एका पावसाळ्यात नर असतो, पोटात पुरेसा साठा झाला की पुढच्या एखाद्या पावसाळ्यात मादी होतो, आणि फळं धरून दमला की परत नर होतो किंवा वर्षभर नुसतं पान काढून गप्प बसतो. झाड तेच, कंद तोच.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तोपर्यंत पाचेक वर्षं सापकांद्याचे फोटो काढत होतो आणि दर वर्षी नवीन झाडाचा काढत होतो, म्हणजे या झाडाची सगळ्यात भारी गोष्ट माझ्या हातून पाच वर्षं सुटत होती. एकदा फोटो काढून पुढे निघालं की ती दिसतच नाही, त्याच झाडाकडे परत जावं लागतं. म्हणून हा लेख, कुठे जायचं, काय न्यायचं, आत डोकावायचं कसं, वहीत काय लिहायचं आणि पुढच्या जूनला तेच झाड परत सापडवायचं कसं, सगळं सविस्तर लिहितो.

आधी ओळख

सापकांदा म्हणजे शास्त्रीय नावाने अरिसीमा मुरेई. कूळ सुरणाचं, म्हणजे अळू, सुरण, शेवळ हे सगळे याचे भाऊबंद. अरिसीमाच्या जगात दोनेकशे जाती आहेत, बहुतेक हिमालय, चीन, जपान इकडच्या, थोड्या आफ्रिकेत आणि अमेरिकेत. आपला हा सह्याद्रीतला, उत्तरेकडच्या भागातला खास. महाबळेश्वर, कास, लोणावळा-खंडाळा, भीमाशंकर, आंबोली या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर हमखास दिसतो.

मुंबईत टपालखात्यात नोकरीला असलेल्या जॉन ग्रॅहम नावाच्या साहेबाने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक यादी केली होती, ती १८३९ मध्ये छापली गेली, त्यात हा पहिल्यांदा नोंदला गेला. ग्रॅहम त्याच वर्षी खंडाळ्याला वारला, यादीचं शेवटचं काम त्याच्या निम्मो नावाच्या मित्राने पुरं केलं. तेव्हा नाव ‘अरम’ गटातलं होतं, पुढे १८४८ मध्ये हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ते अरिसीमात आणलं. मुरेई हे मरे आडनावावरून. आपल्या लोकांनी मात्र आडनावाच्या भानगडीत न पडता सरळ सापकांदा म्हटलं, वर फणा काढलेल्या सापासारखं फूल आणि खाली कांदा. नाव ऐकूनच झाड डोळ्यासमोर येतं.

पायरी १: वेळ धरणे

बहुतेक जण इथेच चुकतात. कासला फुलं बघायला लोक सप्टेंबरात जातात आणि मग विचारतात, सापकांदा कुठाय? सप्टेंबरात फणा नसतो हो, तो कधीच कुजून गेलेला असतो, तेव्हा पानाची छत्री आणि नशीब असेल तर खाली फळांचं कणीस दिसतं.

साधारण वेळापत्रक असं धरा. मृगाचे पाऊस नीट पडले, जमीन चांगली भिजली की जूनच्या मध्यापासून टोकदार कोंब वर येतात. आधी फणा, पान त्याच्या मागून किंवा सोबत गुंडाळलेलं. जूनचा शेवट आणि जुलैची सुरुवात, म्हणजे आर्द्रा, हा फणा बघायचा खरा काळ, उंची आणि पाऊस बघून आठ-पंधरा दिवस मागेपुढे. जुलैत पान पूर्ण उघडतं. ऑगस्ट-सप्टेंबरात मादी झाडांवर हिरवी कणसं, ती पुढे लाल होतात. दिवाळीपर्यंत वरचं सगळं पिवळं पडून जमिनीला मिळतं आणि कंद एकटा जूनपर्यंत झोपतो.

म्हणजे तुम्हाला वर्षातून किमान दोन फेऱ्या लागतात, एक फण्याच्या वेळी, एक कणसाच्या वेळी. जमलं तर जुलैअखेर तिसरी, पान मोजायला. एकाच फेरीत सगळं उरकू म्हणाल तर नाही होणार.

पायरी २: जागा निवडणे

सुंदर जागा शोधू नका, परत जाता येईल अशी जागा शोधा. घरापासून दीड-दोन तासांत, पावसात रस्ता बंद न होणारी. झाडाला हवा असतो ओलावा, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि पाण्याचा निचरा. त्यामुळे तो रानाच्या कडेला, विरळ सावलीत, कातळाच्या खाचेत साठलेल्या मातीत, कारवीच्या बुडाशी, उतारावर असा मिळतो. महाबळेश्वरकडे अंजनी-जांभूळ-पिसाच्या रानात वाटेच्या दोन्ही बाजूंना बघत चाललात तर पुष्कळ दिसतील. पाणी साचून राहतं तिथे शोधू नका.

एक छोटा तुकडा ठरवा, खोलीएवढा पुरे. वीसेक झाडं असली की झालं. मी पहिल्या वर्षी उत्साहात साठ झाडं धरली होती, पावसात तिसाव्या झाडापर्यंत बोटं आखडली, वही भिजली, पुढच्या वर्षी निम्मी सापडली नाहीत. वीसच घ्या.

जागा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येत असेल तर बघायला हरकत नाही पण काहीही उपटणं, तोडणं, नेणं चालत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. झाडाला बिल्ले, दोऱ्या, खुंट्या लावायच्या असतील तर वनखात्याची परवानगी लागते. कास तर २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे गर्दीच्या पठारावर हा उद्योग करूच नका. मी सांगतोय त्या पद्धतीत झाडाला काहीच लावावं लागत नाही.

पायरी ३: पिशवीत काय

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, शिवणकामाचा टेप, अंतरं मोजायला एक मोठा टेप, जाड सुती दोरा वीतभर, पेन्सिल (पेन नाही, शाई पसरते), जाड पुठ्ठ्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत, मोबाईल, बसायला पोत्याचा तुकडा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा कारण दोन्ही हात मोकळे पाहिजेत. आंबोलीकडे जाणार असाल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी. आणि एक काठी, ती चालायला नाही, हात घालायच्या आधी पालापाचोळा हलवायला. सापकांद्याखाली साप राहतो असं गावात सांगतात, त्यात झाडाचा दोष नाही पण पावसाळ्यात ओल्या पाल्यात खरा साप असू शकतो, आंबोलीच्या झुडपांत हिरवा चापडा असतो आणि तो पानासारखाच दिसतो. गुडघे टेकायच्या आधी बघा, एवढंच.

पायरी ४: हाच तो, याची खात्री

सापकांद्याचं जे आपण फूल म्हणतो ते फूल नाहीच. तो पांढरा फणा म्हणजे एक बदललेलं पान, वनस्पतिशास्त्राच्या मराठीत त्याला महाछद म्हणतात. खालचा भाग गुंडाळून हिरवट नळी होते, वरचा भाग पांढरा, रुंद, पुढे झुकलेला आणि टोकाला निमुळता, आणि नळीच्या तोंडाशी जांभळट झाक. नळीच्या आत एक मांसल दांडा उभा असतो, त्याला म्हणायचं स्थूलकणिश, आणि खरी फुलं त्या दांड्याच्या बुडाशी चिकटलेली, जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक, ना पाकळ्या ना रंगाचा थाट. दांड्याचं वरचं टोक वांझ असतं, ते नळीच्या तोंडातून फारसं बाहेर येत नाही. अळूला कधी फूल आलेलं बघितलं असेल तर रचना तीच.

पान एकच, कधी दोन. एका देठाच्या टोकाला पाचपासून अकरापर्यंत पर्णिका (एकाच पानाचे सुटे भाग), सगळ्या एकाच ठिकाणाहून चहूबाजूंना फुटलेल्या, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या. पानावरून ओळखायला ही खूण पक्की.

गोंधळ कशाशी होतो? शेवळाशी होऊ नये खरंतर. शेवळ जूनमध्येच येतं, ठाणे-रायगडकडे बाजारात जुड्या येतात आणि खाज मारायला सोबत काकडं नावाची आंबट फळं घालून भाजी करतात, पण त्याचं आवरण तपकिरी-जांभळट आणि फुलाच्या वेळी पानाचा पत्ता नसतो. पुढे त्याचं पान येतं ते सुरणासारखं, तीन फाटे आणि त्यांचे परत फाटे, छत्री नाही. दुसरा, जास्त जवळचा नातेवाईक म्हणजे अरिसीमा टॉर्टुओसम. तो उंच, फणा हिरवा, आणि आतल्या दांड्याचं टोक लांबलचक शेपटीसारखं बाहेर येऊन वर वळलेलं. त्याची पानं साधारण दोन, पर्णिका छत्रीसारख्या नाहीत तर पक्ष्याच्या पायाच्या बोटांसारख्या कमानीवर लागलेल्या. सह्याद्रीचंच नाव दिलेली आणखी एक जात, अरिसीमा सह्याद्रिकम, प्रा. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणली, म्हणजे ग्रॅहमनंतर दीडशे वर्षांनीसुद्धा इथे नवीन फणे निघतायत. सुरुवातीला पांढरा फणा, जांभळट घसा, छत्रीचं पान, एवढ्या तीन खुणांवर राहा, एखादं झाड तीनपैकी दोनच खुणांत बसत असेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला.

आणि चव घेऊन ओळखायचा प्रयत्न अजिबात नको. याच्या सगळ्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, अळूची खाज असते ना, तीच गोष्ट पण कितीतरी जास्त. मी एकदा तुटून पडलेला देठ हाताळला आणि विसरून ओठावर बोट फिरवलं, अर्धा दिवस ओठ असा झाला होता की चहासुद्धा पिववेना. मुलं सोबत असतील तर ऑक्टोबरातली लाल कणसं त्यांच्या हाती लागू देऊ नका, दिसतात अगदी खाऊसारखी.

पायरी ५: आत डोकावणे, म्हणजे नर की मादी

हाच भाग सगळ्यात नाजूक. सोपा रस्ता काय, तर ब्लेडने नळी उभी चिरायची आणि आत बघायचं. मी एका ग्रुपबरोबर गेलो होतो तेव्हा तिथे माहिती सांगणाऱ्याने सगळ्यांना नीट दिसावं म्हणून ओळीने दहा-बारा फणे चिरले, लोकांनी फोटो काढले, टाळ्याही वाजवल्या. त्या झाडांचं त्या वर्षीचं काम तिथेच संपलं. एकही न चिरता कळतं, फक्त गुडघ्यावर बसायची तयारी पाहिजे.

आधी झाडाच्या समोर बसा, फणा ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला. नळी गुंडाळलेली असते त्यामुळे समोर एक उभी जोड दिसते, शर्टाची एक बाजू दुसरीवर येते तशी. ही जोड वरून खाली बघत या. अगदी बुडाशी, जिथे नळी दांडीला मिळते, तिथे कडा जराशा उघड्या राहून बारीकशी फट किंवा भोक दिसतंय का बघा. अरिसीमात साधारण नियम असा की नर फण्याला बुडाशी ही फट असते, मादी फण्याला नसते, तिची जोड खालपर्यंत घट्ट.

हे असं का, ते कळलं की खूण विसरायला होत नाही. या झाडाकडे मध नाही. ते बोलावतं बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांना, पावसाळ्यात ओल्या पाल्यावर, अळिंबीभोवती घोंघावतात ती. चिलट नळीत उतरतं, आतली भिंत गुळगुळीत, वर चढता येत नाही, बिचारं खालच्या फुलांच्या गर्दीत धडपडत राहतं. नर फण्यात ते परागाने माखतं आणि धडपडता धडपडता बुडाची फट सापडून बाहेर पडतं. नर झाडाला ते बाहेर जायलाच हवंय. मग तेच चिलट परत फसून मादी फण्यात उतरतं, अंगावरचा पराग तिथल्या फुलांना लागतो, आणि बाहेर यायला फट शोधतं तर फटच नाही. मादी झाडाचं काम झालेलं असतं, चिलट जगलं काय आणि मेलं काय. मादी नळीच्या तळाशी मेलेली चिलटं मिळतात ती अशी. सगळ्या जातींत एवढं सरळ नसतंय म्हणा, जपानमधल्या एका जातीत अलीकडे असं दिसलंय की चिलटं मादी फण्यात अंडी घालतात, पिल्लं कुजत्या फण्यावर वाढतात आणि काही माद्या निसटूनही जातात, म्हणजे नुसती फसवणूक नाही, थोडं भाडंही मिळतं. आपल्याकडच्या नळ्यांत काय चालतं ते बघायला भिंग घेऊन बसणारे लोक पाहिजेत, त्यासाठीच तुम्हाला बोलावतोय.

फटीवरून पटलं नाही तर टॉर्च. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच, नळीच्या मागून उजेड टाका, भिंत पातळ असते, आतल्या दांड्याची सावली दिसते. मादी दांडा बुडाशी जाड, भरगच्च, कोवळ्या मक्याच्या कणसासारखा. नर दांडा सडपातळ आणि त्यावर इकडेतिकडे विरळ गाठी. तरी नाही कळलं तर गवताची काडी घ्या (बोट नको, बोटाने कड फाटते) आणि जोडीची वरची कड अगदी दोन-तीन मिलिमीटर उचलून आत बघा. हिरव्या गोल दाण्यांची दाटी आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला बारीकसा पांढुरका ठिपका, म्हणजे मादी, ते दाणे म्हणजे अंडाशय आणि ठिपका म्हणजे पराग धरणारा किंजल्क. छोट्या छोट्या देठांवर परागकोशांचे झुपके आणि तळाशी पीठ सांडल्यासारखी पूड, म्हणजे नर. काडी काढली की कड आपोआप बसते. एका फण्याला एकदाच, परत परत नाही.

टॉर्च, काडी सगळं करूनही कळलं नाही तर ‘कळलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने नर-मादी लिहिलं ना, की तीन वर्षांनी वही उघडल्यावर खरं कुठलं आणि अंदाज कुठला ते तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही.

पायरी ६: कंद न उकरता त्याचा अंदाज

लिंग ठरतं ते साठ्यावर, आणि साठा असतो कंदात. कंद लहान असेल तर फक्त पान. मध्यम झाला की नर. चांगला भरला की मादी. कारण खर्चाचा हिशोब आहे, पराग करायला फार काही लागत नाही, पण कणीसभर फळं आणि बिया पोसायच्या म्हणजे घर गहाण टाकण्यासारखं, ते ज्याच्या पदरी धान्य आहे त्यानेच करावं. अमेरिकेतल्या याच्या एका भाऊबंदावर, अरिसीमा ट्रायफायलमवर, याचा पुष्कळ अभ्यास झालाय आणि हे चित्र तिथे चांगलं पक्कं झालेलं आहे.

कंद बघायला उकरायची गरज नाही, आणि उकरू नकाच, कारण याची मुळं कंदाच्या खालून नाही तर वरच्या बाजूने, कोंबाच्या भोवतीने फुटतात, त्यामुळे तुम्ही वरून माती काढायला लागलात की पहिली मुळंच तुटतात. त्याऐवजी दोरा काढा. जमिनीलगत झाडाच्या बुडाभोवती दोरा एकदा अलगद गुंडाळा, जिथे मिळतो तिथे नखाने धरा आणि टेपवर मोजा. हा झाला बुंध्याचा घेर, मिलिमीटरमध्ये लिहा. जुलैअखेर गेलात तर पानाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पर्णिका किती तेही लिहा. लहान झाडांना पर्णिका कमी असतात. एवढ्या तीन आकड्यांवरून कंदाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दर वर्षी घेर त्याच जागी मोजा, यंदा जमिनीलगत आणि पुढच्या वर्षी चार बोटं वर असं नको.

पायरी ७: तेच झाड परत सापडवणे

सगळा खेळ खरं म्हणजे इथे आहे आणि लोक इथेच आळस करतात. मोबाईलच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नका, झाडीत तो सहज काही मीटर चुकतो आणि तुमच्या तुकड्यात हातभर अंतरावर दोन सापकांदे असतात. नुसता फोटोही पुरत नाही, जूनमध्ये जे उघडं असतं ते पुढच्या जूनला गवताने, तेरड्याने भरलेलं असतं.

जुनी पद्धत वापरा. न हलणाऱ्या दोन खुणा ठरवा, मोठा कातळ, झाडाचा बुंधा, बांधाचा कोपरा. मी एका कातळावरचं टोक आणि एका जांभळाचं बूड धरलंय. प्रत्येक झाडापासून पहिल्या खुणेचं अंतर आणि दुसऱ्या खुणेचं अंतर टेपने मोजून लिहायचं. पुढच्या वर्षी दोन्ही अंतरं जिथे मिळतात तिथे झाड. दोन जागा निघतात, खुणांच्या रेषेच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, म्हणून वहीत ‘दरीकडे’ किंवा ‘वाटेकडे’ असा शब्द टाकायचा. सोबत हाताने काढलेला वेडावाकडा नकाशा. मोठ्या टेपचा कंटाळा येतो हे कबूल आहे, पण दुसऱ्या वर्षी जेव्हा तुम्ही अंतर लावता आणि नेमक्या त्या जागी पाल्यातून कोंब डोकावत असतो तेव्हा जी मजा येते ती सांगता येत नाही.

पायरी ८: वहीचं पान

एका झाडाला एक पान द्या, एका भेटीला नाही. झाडाच्या पानावर वर क्रमांक आणि दोन अंतरं, खाली दर वर्षी एक ओळ: तारीख, फणा आहे की नाही, नर/मादी/कळलं नाही, घेर, पर्णिका, पानाची रुंदी, आणि दुसऱ्या फेरीला कणीस धरलं का. तारखेप्रमाणे लिहिलंत तर झाडाची गोष्ट दहा पानांत विखुरते आणि कधीच दिसत नाही, हे मी दोन वह्या वाया घालवून शिकलोय.

माझं चार नंबरचं झाड घ्या. पहिल्या दोन वर्षी नर. तिसऱ्या वर्षी घेर वाढलेला, फट नाही, टॉर्चने बघितलं तर भरगच्च, म्हणजे मादी, आणि सप्टेंबरात छान कणीस. चौथ्या वर्षी मी अगदी जावई येणार असल्यासारखा गेलो तर फणाच नाही, एकटं पान, तेही आधीपेक्षा लहान. पुस्तकात हे वाक्य एका ओळीचं असतं, चार पावसाळे जाऊन बघितलं की वेगळं वाटतं. एका झाडावरून नियम काढायचा नसतो, वीसचं मिळून काय दिसतं ते बघायचं, घेराप्रमाणे झाडं चढत्या क्रमाने मांडा आणि बाजूला नर-मादी लिहा, खालच्या टोकाला नुसती पानं, मग नर, वर मादी असा कल दिसायला लागतो. मधल्या घेराला सरमिसळ असते, ती खोडून साफ करू नका.

पायरी ९: कणसाची फेरी

ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात परत जा. नर फणा तोपर्यंत दांड्यासकट वाळून गेलेला असतो. मादीचा दांडा हिरवा, जाड, त्यावर दाट दाणे. जे झाड कणीस दाखवतंय ते यंदा मादी होतं, याहून खात्रीचा पुरावा नाही, म्हणून जूनमध्ये ‘कळलं नाही’ लिहिलेल्या ओळी आता भरता येतात.

पण उलटं खरं नाही, आणि इथे हुशार माणसंही फसतात. कणीस नाही म्हणजे नर, असं नाही लिहायचं. मादी होती पण चिलट आलंच नाही, किंवा आजूबाजूला त्या आठवड्यात नर फणा उघडा नव्हता, किंवा सलग पावसाने फणा कुजला, तर मादीसुद्धा रिकामी वाळते. जूनमध्ये मादी आणि सप्टेंबरात कणीस नाही, अशी ओळ मिळाली तर ती जपून ठेवा, त्या ओळीतून त्या वर्षीच्या पावसाबद्दल आणि चिलटांबद्दल काहीतरी कळतं.

झाडच सापडलं नाही तर? ‘मेलं’ लिहू नका, ‘दिसलं नाही’ लिहा. कधी जनावराच्या पायाखाली कोंब गेलेला असतो आणि खाली कंद शाबूत असतो. जमीन उकरलेली दिसली, ताजे खड्डे, तर रानडुक्कर किंवा साळिंदर येऊन गेलंय, तेही लिहा.

घरी आणू का, हा प्रश्न

दर वेळी कोणीतरी विचारतंच. कंद उपटून कुंडीत लावलेले मी तीन-चार घरांत बघितलेत आणि सगळीकडे शेवट सारखा, पहिल्या वर्षी पान येतं, दिवाळीला ते वाळतं, घरचे लोक झाड सुकलं म्हणून हळहळत पाणी घालतात, आणि जानेवारीपर्यंत कंदाची पेज झालेली असते. त्याला नोव्हेंबर ते मे कोरडी झोप लागते. रानात ती आपोआप मिळते. शिवाय मोठा फणा बघून लोक मोठं झाड उपटतात, आणि मोठी झाडं म्हणजेच मादी, म्हणजे एका पिशवीत तुम्ही त्या उतारावरचं पुढच्या कित्येक वर्षांचं बी उचलून नेता.

फोटो टाकताना पण थोडं सांभाळा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद करताना नेमकी जागा झाकायची सोय आहे, ती वापरा, आणि फेसबुकवर ‘कुठे आहे हे?’ विचारलं तर ‘साताऱ्याकडे’ एवढं उत्तर पुष्कळ झालं.

दिवाळीत वही उन्हात वाळवा, पानं एकमेकांना चिकटतात. त्याच वेळी प्रत्येक झाडाच्या पानावर पुढच्या वर्षाची ओळ आखून वर्ष घालून ठेवा, रकाने रिकामे. जूनमध्ये पाऊस अंगावर घेत उकिडवं बसून रेघा मारायला जमत नाही. माझ्या चार नंबरच्या पानावर पुढची ओळ आखून झालीय, घेराच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक गेल्या वर्षीचा आकडा लिहिलाय, म्हणजे दोरा मोजला की तिथल्या तिथे कळेल, बाई सावरली का अजून दमलेलीच आहे.